बाटलीवरचे शब्द : अन्न, पेय की औषध?

गेली काही व्याख्यानं आपण ‘व्याख्या’ या विषयाभोवती फिरतो आहोत. न्यायदर्शनातलं लक्षण म्हणजे काय, अव्याप्ति-अतिव्याप्ति हे दोष कोणते, हे आपण पाहिलं. तेव्हा एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की हे सगळं वर्गातलं झालं. बाहेरच्या जगात व्याख्या चुकली म्हणून कुणाचं काय बिघडतं? आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करू. त्यासाठी आपण एका अशा ठिकाणी जाणार आहोत जिथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सहसा जात नाहीत, म्हणजे कस्टममध्ये.

सुरुवात घरातल्या एका बाटलीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या भाच्यानं जर्मनीहून मामीसाठी एक टॉनिक आणलं. वनस्पतींचा रस, फळांचा रस आणि त्यात लोह. सोबत छोटंसं मापाचं झाकण. आमच्या सौभाग्यवतींचं हिमोग्लोबिन कमी होतं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्या गोळ्यांनी पोट बिघडायचं. हे टॉनिक चवीला बरं होतं. मग गोळ्या मागे पडल्या आणि बाटली पुढे आली. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर आकडा आणखी खाली गेलेला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, ‘सर, यात लोह किती आहे?’ आम्ही गप्प बसलो. कांट मुळातून वाचता यावा म्हणून एके काळी जर्मन शिकलेलो आम्ही, पण बाटलीचं लेबल काही वाचलेलं नव्हतं. घरी येऊन वाचलं. आकडा तिथेच होता, बारीक अक्षरात, आणि गोळीच्या मानानं तो फारच लहान होता.

त्या बाटलीला आम्ही औषध समजलो होतो. ती काय होती? अन्न, पेय की औषध? ही शंका आम्हांला उशिरा आली. पण अशा हजारो बाटल्या जेव्हा जहाजातून येतात, तेव्हा हा प्रश्न बंदरावरच विचारला जातो आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय माल पुढे सरकत नाही.

याची व्यवस्था आधी समजून घेऊ. जगातली प्रत्येक विकाऊ वस्तू एका यादीत बसवायची असा उद्योग विसाव्या शतकात चालला. राष्ट्रसंघाच्या काळात, १९३० च्या दशकात, जिनिव्हात एक यादी तयार झाली. पुढे १९५० च्या ब्रुसेल्स करारातून दुसरी आली. आणि १४ जून १९८३ रोजी ब्रुसेल्समध्येच आज चालणाऱ्या यादीचा करार झाला. ती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. तिला हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणतात. तिचे २१ विभाग आहेत आणि प्रकरणं ९७ पर्यंत मोजलेली आहेत. त्यांतलं ७७ क्रमांकाचं प्रकरण रिकामं ठेवलं आहे, पुढेमागे लागेल म्हणून! प्रत्येक वस्तूला सहा आकडी क्रमांक असतो. त्यापुढे प्रत्येक देश आपले आकडे जोडतो. आपल्याकडे आठ आकडे असतात. आपला सीमाशुल्क दर कायदा १९७५ चा, आणि त्याची यादी १९८६ मध्ये या नव्या पद्धतीवर बसवली गेली.

वैशेषिकांनी सात पदार्थांत सगळं विश्व बसवलं. इथे जवळजवळ शंभर प्रकरणं लागली. पण फरक केवळ संख्येचा नाही. वैशेषिकांच्या चुकीची शिक्षा वादसभेत व्हायची. इथे ती रुपयांत किंवा युरोंत होते.

आता आपली बाटली या यादीसमोर ठेवू. तिच्यासाठी मुख्यतः चार दारं आहेत. पहिलं, २२०२ : पाणी आणि इतर बिगरमद्य पेये. दुसरं, २१०६ : ‘अन्यत्र नमूद नसलेली खाद्यद्रव्ये’. तिसरं, ३००४ : किरकोळ विक्रीसाठी बांधलेली औषधे. आणि बाटलीत अल्कोहोल बऱ्यापैकी असेल तर चौथं, २२०८ : मद्ये. पेयातलं अल्कोहोल घनफळाने अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की ते ‘बिगरमद्य’ राहत नाही.

कुठल्या दारातून गेलो यानं फरक काय पडतो? युरोपीय संघाचं उदाहरण घ्या. तिथे ३००४ मधल्या औषधांवर शुल्क शून्य. गोड केलेल्या साध्या पेयावर ९.६ टक्के. आणि २१०६ मधल्या एका मोठ्या गटावर १२.८ टक्के. म्हणजे रस तोच, काच तीच, पण एका दारातून फुकट आणि दुसऱ्यातून शेकडा तेरा युरोंच्या आसपास. साहजिकच प्रत्येक आयातदाराला आपली बाटली औषध वाटते, आणि कस्टमच्या प्रत्येक अधिकाऱ्याला ती सरबत वाटते.

मग ठरवायचं कसं? आपण न्यायशास्त्राच्या रीतीनं लक्षण करून पाहू. ‘जे शरीराला गुण देतं ते औषध’ असं म्हटलं तर लिंबूसरबत आणि मुगाचं कढणसुद्धा औषध ठरेल. ही अतिव्याप्ति. ‘डॉक्टर लिहून देतात ते औषध’ म्हटलं तर दुकानातून आपण होऊन आणलेलं खोकल्याचं औषध बाहेर राहील. ही अव्याप्ति. ‘ज्यात जीवनसत्त्व, लोह, वनस्पतींचा अर्क आहे ते औषध’ म्हणावं, तर पालकाची भाजी आली! आपल्या परंपरेला तर ही भिंत फारशी मान्यच नव्हती. तैत्तिरीय उपनिषद अन्नालाच सर्वांचं औषध मानतं, आणि आयुर्वेदात एकच द्रव्य आहारातही येतं आणि चिकित्सेतही.

यादी करणाऱ्यांनी या अडचणीवर व्याख्येनं मात केली नाही, टिपेनं केली. औषधांच्या तिसाव्या प्रकरणाची पहिलीच टीप सांगते, की पथ्याचे पदार्थ, मधुमेहींचे पदार्थ, पोषणयुक्त केलेले पदार्थ, अन्नपूरके, शक्तिवर्धक पेये, खनिजयुक्त पाणी ही या प्रकरणात येत नाहीत. शिरेतून द्यायचं पोषण तेवढं येतं. सोबतच्या स्पष्टीकरणात आणखी पुढे जाऊन म्हटलं आहे, की जीवनसत्त्वे वा क्षार असलेली, आरोग्य टिकवण्यासाठी म्हणून विकली जाणारी, पण कोणत्याही रोगावरच्या उपयोगाचा उल्लेख नसलेली अन्नपूरके बाहेर ठेवावीत. ती बहुधा द्रवरूप असतात, आणि ती सामान्यतः २१०६ मध्ये किंवा पेयांच्या बाविसाव्या प्रकरणात जातात. तिथे उलट बाजूही नोंदवली आहे. पेय किंवा गोडवा हा जर औषधी द्रव्य घशाखाली उतरवण्याचं केवळ साधन असेल, तर ती वस्तू औषधच राहते. मंडळी, आपण याला अनुपान म्हणतो! मधातून चाटण दिलं तर मध अनुपान, औषध वेगळं. वैद्यबुवांना जे माहीत होतं ते ब्रुसेल्सच्या कागदावर आलं.

पण या टिपेतला खरा शब्द कोणता? ‘उल्लेख’. बाटलीत काय आहे याच्याइतकंच बाटलीवर काय लिहिलं आहे याला इथे वजन आहे. ही कल्पना आजची नाही. इंग्लंडमध्ये १७८३ साली औषधांवर मुद्रांक कर बसला. १८१२ च्या कायद्यानं त्याची कक्षा ठरवली, आणि तीत गुप्त वा मालकी हक्काच्या औषधांबरोबर अशीही औषधं आली, जी विकणारा एखाद्या व्याधीच्या प्रतिबंधासाठी, बरं करण्यासाठी किंवा आरामासाठी गुणकारी म्हणून लोकांपुढे मांडतो. दावा केला की कर आला. पुडीवर सरकारी तिकीट चिकटवावं लागे. आणि गंमत पाहा, लोकांना ते तिकीट म्हणजे सरकारची शिफारस वाटू लागली. शेवटी सरकारला त्या तिकिटावरच छापावं लागलं, की ही सरकारची हमी नव्हे. हा कर १९४१ मध्ये रद्द झाला, आणि त्याच कायद्यानं औषधात काय आहे ते उघड करण्याची सक्ती आली. दाव्यावरच्या कराची जागा घटकांच्या माहितीनं घेतली.

आपल्याकडे न्यायालयांनी आधी वेगळी वाट धरली होती, ती म्हणजे लोकव्यवहाराची. अकोल्याचं प्रकरण प्रसिद्ध आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विक्रीकर कायद्यात भाजीपाल्याला सूट होती. विक्रेत्याचं म्हणणं, विड्याचं पान ही वनस्पती आहे, तेव्हा ती भाजी. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये सांगितलं, की वनस्पतिशास्त्र बाजूला ठेवा. बाजारात भाजी म्हटल्यावर लोक काय समजतात ते पाहा. भाजी आणायला गेलेला माणूस विड्याची पानं घेऊन आला तर घरी त्याचं काय होईल, हे काही न्यायालयानं लिहिलेलं नाही, ते आमचं! नागपूरच्या उत्पादनशुल्क विभागातून गेलेल्या लाल दंतमंजनाच्या वादातही हीच कसोटी लागली. आयुर्वेदिक द्रव्ये असली, तरी सामान्य माणूस ते रोज दात घासायला वापरतो. औषध मात्र साधारणपणे ठरावीक काळ घेतलं जातं. म्हणून ते औषध नव्हे.

द्रवाच्या बाबतीत मुंबई इलाख्याचा अनुभव यापेक्षाही बोलका आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं ‘दारू’ या शब्दात अल्कोहोल असलेले सगळे द्रव घातले. आता द्राक्षासव, अरिष्टं, खोकल्याची औषधं, ओ-द-कलोन, सगळंच त्यात आलं. अतिव्याप्तीचं याहून ठळक उदाहरण वर्गात सापडलं नसतं. फ्राम नसरवानजी बलसारा या नागरिकानं त्याला आव्हान दिलं. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कायदा मोठ्या प्रमाणात टिकवला, पण अल्कोहोल असलेली औषधी आणि प्रसाधनाची द्रव्ये बाळगण्या-वापरण्यावरची बंदी अवाजवी म्हणून रद्द केली. मग १९५२ मध्ये कायदा सुधारून नवी कसोटी आणली : नशेचं पेय म्हणून वापरायला अयोग्य असलेल्या औषधी द्रव्यांना बंदी नाही. म्हणजे बाटलीत अल्कोहोल आहे का, हा प्रश्न मागे पडला. माणूस ती बाटली कशासाठी तोंडाला लावू शकेल, हा प्रश्न पुढे आला.

आता पुन्हा युरोपात जाऊ, कारण टॉनिकच्या बाटलीचे वाद तिथे लक्झेंबर्गच्या न्यायालयापर्यंत गेले आणि एकामागून एक पायऱ्या पडत गेल्या.

पहिली पायरी १९८१ ची. जर्मनीतून आलेल्या डॉ. रिटर प्रकरणात न्यायालयानं ‘पेय’ शब्दाचा अर्थ लावला : माणसानं प्यायला योग्य आणि त्यासाठीच असलेला द्रव, जर तो दुसऱ्या कुठल्या नेमक्या शीर्षकात बसत नसेल तर. किती प्यायचा आणि कुठल्या खास हेतूनं प्यायचा, यानं फरक पडत नाही. म्हणजे चमच्यानं घेता म्हणून ते औषध होत नाही. आमच्या घरच्या त्या मापाच्या झाकणाचा सगळा रुबाब इथे संपला.

यात एक बारकावा आहे. द्रव तसाच पिता येत असेल तर तो पेयात जाऊ शकतो. पाणी घालूनच प्यायचा घट्ट अर्क असेल तर तो २१०६ कडे झुकतो. कारखान्यात पाणी घातलं की घरी घातलं, यावर प्रकरण बदलतं!

दुसरी पायरी १९९३ ची. बायोफोर्स प्रकरणात हॉथॉर्नचे थेंब होते. हॉथॉर्न हे युरोपात हृदयासाठी परंपरेनं वापरलं जाणारं झाड, आणि अर्क अल्कोहोलमधला. प्रश्न, हे मद्य की औषध? न्यायालयानं औषध म्हटलं आणि कारण दिलं : उपचाराचे किंवा प्रतिबंधाचे स्पष्ट गुण असावेत, आणि परिणाम शरीराच्या नेमक्या कार्यावर केंद्रित असावा. ‘एकंदर बरं वाटतं’ हे पुरेसं नाही. १९९७ मध्ये इकिनेशियाच्या बाबतीत त्याच न्यायालयानं पुन्हा औषधांच्याच शीर्षकाकडे कौल दिला.

तिसरी पायरी २००१ ची. आता युरोपीय संघानं तिसाव्या प्रकरणाला आपली एक जादा टीप जोडली. वनस्पतिजन्य औषधी द्रव्ये, किंवा जीवनसत्त्वे, खनिजे, आवश्यक अमिनो आम्ले, मेदाम्ले यांची द्रव्ये ३००४ मध्ये यायची असतील, तर लेबलवर, वेष्टनावर किंवा सोबतच्या पत्रकावर चार गोष्टी असल्या पाहिजेत. एक, कोणत्या विशिष्ट रोगावर किंवा लक्षणावर. दोन, क्रियाशील द्रव्याचं प्रमाण किती. तीन, मात्रा किती. चार, घ्यायचं कसं. आणि जीवनसत्त्वे-खनिजांच्या बाबतीत आणखी एक अट : रोजच्या मात्रेत मिळणारं प्रमाण हे आरोग्यासाठी रोज लागणाऱ्या प्रमाणापेक्षा ठळकपणे जास्त असलं पाहिजे.

चौथी पायरी २००९ ची, स्विस कॅप्स प्रकरणाची. जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये माशाचं तेल, गव्हांकुराचं तेल, काळ्या जिऱ्याचं तेल. आयातदार म्हणे, हे तेल आहे, कॅप्सूल ही पिशवी. न्यायालयानं म्हटलं, कॅप्सूल ही पिशवी नव्हे. मात्रा किती, शरीरात जाणार कसं आणि कुठे, हे तीच ठरवते, म्हणून ही वस्तू अन्नपूरक आहे, २१०६. आता १९८१ आणि २००९ शेजारी ठेवा. द्रव चमच्यानं मोजून घेतला तर मोजण्याला महत्त्व नाही. तेच तेल कॅप्सूलमध्ये मोजून भरलं तर मोजणंच निर्णायक. विसंगती वाटते ना? आम्हांलाही प्रथम वाटली. पण नीट पाहिलं तर ती नाही. चमचा तुमच्या हातात आहे. तुम्ही एक घ्या, तीन घ्या, ग्लासात ओता. कॅप्सूलमधली मात्रा वस्तूतच गोठलेली आहे. कस्टमचा अधिकारी वस्तूच्या अंगावर जे दिसतं तेवढंच पाहतो. तुमचा इरादा तो पाहू शकत नाही.

आणि मंडळी, आजचा मुद्दा हाच आहे. दोनशे वर्षांच्या या खटाटोपातून ‘औषध’ शब्दाची निर्दोष व्याख्या हाती आलेली नाही. हाती आलं ते असं : औषध ही एक जबाबदारी आहे, ती शब्दांत घ्यावी लागते, आणि आकड्यांनी निभवावी लागते. ज्याला औषधाचं दार हवं, त्यानं रोगाचं नाव घ्यावं, प्रमाण सांगावं, मात्रा सांगावी. ज्याला हे सांगायचं नाही, त्यानं शुल्क भरून खाद्यपदार्थांच्या दारातून यावं. मोघम बोलण्याची मुभा आहे, पण मोघम बोलून औषधाचा मान मिळणार नाही.

आपल्याकडे २०११ पासून आयातदारानं आपल्या मालाचं वर्गीकरण प्रथम स्वतःच करून द्यायचं असतं. न्हावाशेवाला कंटेनर उतरतो तेव्हा पहिला शब्द त्याचा असतो; अधिकारी मग तो तपासतो. शिवाय २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१६ मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा आरोग्यपूरकांच्या लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं ठळकपणे लिहावं लागतं. आता गावोगावच्या दुकानांत पाहा. पुढच्या बाजूला ‘शक्ती’, ‘चैतन्य’, ‘रक्तवर्धक’ अशी मोठी अक्षरं. मागच्या बाजूला हे वाक्य. पुढची बाजू आपण वाचतो. मागची बाजू कस्टम वाचतं.

इथे एक सावधगिरी. बाटली ३००४ मध्ये गेली म्हणून ती गुणकारी ठरत नाही, आणि २१०६ मध्ये गेली म्हणून ती वाईट ठरत नाही. शुल्काचं शीर्षक हे वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हे. इंग्लंडच्या त्या तिकिटावर जे छापावं लागलं, ते आपणही लक्षात ठेवायला हवं. सकस अन्नपूरकाची गरज असलेले लोक असतात, आणि डॉक्टरही ते सुचवतात. प्रश्न एवढाच, की आपण काय घेतो आहोत हे घेणाऱ्याला ठाऊक असावं.

सुरुवातीला विचारलं होतं, की व्याख्या चुकली म्हणून कुणाचं काय बिघडतं? आमच्या घरी तीन महिने बिघडलं. सुदैवानं डॉक्टरांनी वेगळ्या प्रकारची गोळी दिली, ती मानवली, आणि सौभाग्यवती आता बऱ्या आहेत. आज समोर बसल्या आहेत आणि हे जाहीर सांगितल्याबद्दल घरी काय ऐकावं लागेल ते आम्ही जाणतो. पण त्या टिपेतले चार प्रश्न तेव्हा विचारले असते तर? कोणत्या रोगावर? लेबलवर रोगाचं नावच नव्हतं. प्रमाण किती? लिहिलं होतं, वाचलं नव्हतं. मात्रा आणि रीत? तेवढी मात्र आम्ही इमानेइतबारे पाळली, झाकण भरून, दिवसातून दोनदा.

घरी गेल्यावर आपापल्या कपाटातली एक तरी बाटली फिरवून मागची बाजू वाचा. भिंग लागलं तर नातवंडांकडून मागून घ्या. पुढच्या वेळी आपण ‘नाव’ आणि ‘वस्तू’ यांच्या संबंधाकडे परत येऊ; मीमांसकांचं त्याबद्दल काय म्हणणं आहे ते पाहू. आज इथेच थांबू या.